मोठ्या माणसांना इंट्राकॅथ लावताना येणाऱ्या अडचणी: नागपूर-विदर्भातल्या सिस्टर, डॉक्टर आणि नातेवाइकांसाठी

नीलपर्णी

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात मेडिसिन वॉर्डात सिस्टर आहे. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. लहान बाळाला सुई लावणं अवघड असतं हे सगळे मान्य करतात. मोठ्या माणसाच्या बाबतीत मात्र घरच्यांना, नव्या डॉक्टरांना आणि कधीकधी आमच्या वरिष्ठांनाही वाटतं की पट्टा बांधला, शीर वर आली, इंट्राकॅथ (सुईवरून शिरेत सरकवून ठेवायची प्लॅस्टिकची बारीक नळी) गेली, झालं काम. प्रत्यक्षात वॉर्डात जो खरोखर आजारी असतो त्याचीच शीर मिळत नाही. ज्याला सलाईनची गरज सर्वांत जास्त, त्याच्याच शिरा सर्वांत रिकाम्या.

आपल्याकडचा उन्हाळा घ्या. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की कॅज्युअल्टीत शेतावरचे, बांधकामावरचे, रिक्षा चालवणारे लोक येऊ लागतात. उन्हाने खरं तर कातडीजवळच्या शिरा फुगतात. पण घामातून पाणी आणि मीठ निघून गेलं, वर उलट्या सुरू झाल्या, की शरीर उरलेलं रक्त मेंदू आणि हृदयासाठी राखून ठेवतं आणि हातापायांच्या शिरा आवळून घेतं. पट्टा बांधून कितीही वेळ बसा, बोटाखाली काही लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत कारण वेगळं, परिणाम तोच. बालाघाट-छिंदवाड्याहून रात्रभर गाडीत बसून आलेला माणूस पहाटे वॉर्डात पोचतो तेव्हा त्याचे हात गार पडलेले असतात आणि शिरा आक्रसलेल्या.

म्हाताऱ्या माणसांची गोष्ट निराळी. त्यांची शीर लांबूनही दिसते, हाताच्या पाठीवर दोरीसारखी उठून असते. नवीन मुलं खूश होतात. पण कातडीखालची चरबी गेलेली असते, शिरेला धरून ठेवणारं काही उरलेलं नसतं, म्हणून सुईचं टोक टेकलं की ती बाजूला सरकते. आणि सरकली नाही तर फुटते, कारण भिंत ठिसूळ झालेली असते. स्टेरॉइड बरीच वर्षं घेतलेल्या, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्या रुग्णाचा हात तर एका चुकलेल्या सुईने कोपरापर्यंत जांभळा होतो.

लठ्ठ माणसाची शीर खोल असते, दिसत नाही. किडनी-लिव्हरच्या रुग्णाच्या हाताला सूज असते, शीर त्या पाण्याखाली दबते. (इथे एक साधा उपाय आहे: सुजेवर अंगठ्याने सावकाश दाबून धरा, पाणी बाजूला सरतं आणि काही क्षण शीर हाताला लागते.) सिकलसेल (रक्तातल्या तांबड्या पेशी वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार), केमोथेरपी, डायलिसिस, पुन्हा पुन्हा भरती होणारे दम्याचे रुग्ण, यांच्या चांगल्या शिरा आधीच वापरून कडक झालेल्या असतात.

माझं म्हणणं दोन गोष्टींचं आहे. एक, अवघड शीर हा कोणाच्या कौशल्याचा अपमान समजू नये. ती रुग्णाची वैद्यकीय स्थिती आहे, ब्लडप्रेशर जसं नोंदवतो तशीच ती फाइलवर नोंदवावी. दोन, एका माणसाने दोन प्रयत्न करावेत आणि मग दुसऱ्याला बोलवावं. अमेरिकेतल्या इन्फ्युजन नर्सेस सोसायटीच्या मानकांत एका व्यक्तीसाठी हीच मर्यादा दिली आहे. आपल्याकडे मात्र 'अजून एकदा बघते' असं म्हणत गोष्ट लांबत जाते, आणि प्रत्येक फुटलेल्या शिरेबरोबर पुढच्या माणसाचं काम अवघड होत जातं.

मेडिकल, मेयो, एम्स, धंतोली-रामदासपेठेतलं एखादं खासगी रुग्णालय, गावातलं आरोग्य केंद्र, कुठेही काम करत असाल तर लिहा. नातेवाइकांनीही लिहा.


झिरो_माईल

ताई, धागा काढला हे लय चांगलं केलं. माह्या मायले मागच्या उन्हाळ्यात भरती केलं होतं. दवाखान्याचं नाव घेत नाही. तिच्या हातात शीरच सापडे ना. एक जण आला, दुसरा आला, मंग परत पहिलाच आला. दोन्ही हात काळेनिळे. माय काही बोले नाही, नुसती तोंड फिरवून पडून राहे. मले समजत नव्हतं का मी बोलाव का नाही. बोललो तर डॉक्टरले राग येईल, अन् मंग तिच्याकडे लक्ष देणार नाहीत, हे भेव वाटे. नातेवाइकानं थांबा म्हणाव का?


नीलपर्णी

झिरो_माईल दादा, हो, म्हणावं. आईसाठी वाईट वाटलं.

शांतपणे एवढंच म्हणा: 'सिस्टर, हिची शीर नेहमीच अवघड जाते, मोठ्या सिस्टरना किंवा भूलतज्ज्ञांना एकदा बघायला सांगता का?' यात कोणाला कमी लेखणं नाही. मला स्वतःला नातेवाइकांनी असं सांगितलेलं आवडतं, कारण मग नाईट ड्यूटीला वरिष्ठांना उठवायला मला आधार मिळतो. सुई घेण्याआधीच सांगितलं तर अजून बरं. मागच्या वेळी कुठल्या हाताला, कुठल्या जागी लागली होती ते सांगा. कुठे फुटली होती तेही सांगा. पेशंटला स्वतःला हे सर्वांत चांगलं माहीत असतं आणि आपण त्यालाच विचारत नाही.


धंतोली_ओटी

नीलपर्णीताई, धाग्याबद्दल आभार. मी भूलतज्ज्ञ आहे. ज्या वॉर्डात शीर मिळत नाही तिथून फोन येतो तो मला. तंत्राबद्दल सविस्तर लिहितो, कारण यातलं बरंच कॉलेजात कोणी हात धरून शिकवत नाही.

पहिलं म्हणजे शीर डोळ्यांनी शोधू नका, बोटाने शोधा. दिसणारी निळी रेघ बहुतेक वेळा बारीक आणि वरवरची असते. न दिसणारी पण बोटाखाली दाबली की उसळून वर येणारी शीर उत्तम. ग्लोव्हज घालण्याआधी शांतपणे हात फिरवा. कडक, न दबणारी शीर आतून बंद झालेली असते, ती सोडा. ठोका लागला तर ती धमनी, तीही सोडा.

पट्टा जागेच्या वर चार-पाच बोटं बांधावा आणि मिनिटभरापेक्षा जास्त ठेवू नये. मनगटाची नाडी लागत राहिली पाहिजे. नाडीच बंद केली तर हातात रक्त येणार कुठून? शीर नाहीच आली तर पट्टा सोडा, हात पलंगाखाली लोंबू द्या, कोमट पाण्यात भिजवलेल्या टॉवेलने काही मिनिटं गुंडाळून ठेवा, मग पुन्हा बांधा. ही काही मिनिटं कोणाकडे नसतात, पण चार चुकलेल्या सुयांना त्याहून जास्त वेळ जातो. शिरेवर चापट्या मारण्याची सवय मात्र सोडावी. हलक्या टिचकीने फुगते, जोराने मारलं की दुखतं आणि म्हाताऱ्या कातडीखाली रक्त साकळतं.

ठिसूळ शिरांच्या वयस्कांना मी रबरी पट्टा बांधतच नाही. बीपीचा कफ खालच्या प्रेशरच्या थोडा खाली फुगवून ठेवतो, दाब सारखा बसतो. कधी कधी काहीच न बांधता लावतो, कारण आतला दाब जास्त असेल तर सुई शिरताच शीर फुटते.

सरकणाऱ्या शिरेसाठी सगळं डाव्या हातात आहे. अंगठ्याने कातडी खालच्या दिशेने ताणा आणि इंट्राकॅथ आत जाऊन पूर्ण सरकेपर्यंत तो ताण सोडू नका. बहुतेक जण रक्त दिसताक्षणी आनंदाने डावा हात सोडतात आणि तिथेच शीर जाते. दोन शिरा एकमेकींना मिळतात ती जागा शोधा, तिथे शीर सरकत नाही.

रुग्ण जागा असेल आणि हिरवी किंवा करडी, म्हणजे जाड इंट्राकॅथ, लावायची असेल तर आधी लिग्नोकेनचा (जागा बधिर करणाऱ्या औषधाचा) छोटा फुगा कातडीत द्या. माणूस हात ओढून घेत नाही, तुमचंही काम सोपं होतं.


पोस्टिंग_चालू

सर, मी इंटर्न आहे. माझा नेमका प्रश्न असा की फ्लॅश येतो, रक्त चेंबरमध्ये दिसतं, पण प्लॅस्टिकची नळी पुढे सरकत नाही. आणि जोर केला की फुगतं. असं का होतं?


धंतोली_ओटी

हा प्रश्न विचारलात हे फार बरं झालं.

इंट्राकॅथमध्ये सुईचं टोक नळीच्या थोडं पुढे असतं. टोक शिरेत गेलं की रक्त दिसतं, पण त्या क्षणी नळी अजून शिरेच्या बाहेर असते. तुम्ही तिथेच नळी ढकलता आणि ती शिरेच्या भिंतीला जाऊन अडते. रक्त दिसल्यावर थांबा, इंट्राकॅथ जवळजवळ कातडीला समांतर आडवी करा, तशीच सुईसकट अगदी किंचित, दोन-एक मिलिमीटर पुढे न्या आणि मग फक्त नळी सरकवा. आडवी न करता पुढे नेलं तर मागची भिंत फुटते. शिरायचा कोन १० ते ३० अंशांचा पुरे, वरवरच्या शिरेला कमीच.

कधी नळी अर्ध्यात अडते ती शिरेतल्या झडपेमुळे. अशा वेळी पट्टा सोडा, सुई काढा, सलाईनची सिरिंज जोडून हळू फ्लश करत करत नळी पुढे न्या. बऱ्याचदा झडप उघडते.

आणि एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. बाहेर काढलेली सुई त्याच नळीत परत घालायची नाही. टोकाने नळी आतून कापली जाते आणि तुटलेला तुकडा रक्ताबरोबर हृदयाकडे जाऊ शकतो.


गुलाबी_हवी

मी सीटी स्कॅनला टेक्निशियन आहे. वॉर्डातल्या लोकांना विनंती करायला आले आहे.

कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून शिरेतून द्यायचं औषध) द्यायचा असतो आणि पेशंट येतो पिवळी किंवा निळी लावून, तीही हाताच्या पाठीवर. फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या धमन्यांचा स्कॅन असेल तर औषध सेकंदाला ४-५ मिली वेगाने मशीनने ढकलावं लागतं. बारीक शिरेत ते फुटून कातडीखाली जातं, हात सुजतो, स्कॅनही वाया. आम्हाला कोपराजवळ गुलाबी किंवा हिरवी लागते. मग पेशंटला परत वॉर्डात पाठवा, नाहीतर इथेच पुन्हा टोचा. चिठ्ठीवर 'कॉन्ट्रास्ट' लिहिलं असेल तर सकाळी लावतानाच विचार करा, कृपया.

नातेवाइकांसाठी रंगांबद्दल लिहिते, कारण नेहमी विचारतात. करडी १६ गेज, हिरवी १८, गुलाबी २०, निळी २२, पिवळी २४. आकडा मोठा तितकी नळी बारीक. नुसत्या लटकवलेल्या बाटलीतून हिरवीतून मिनिटाला साधारण ९० मिली जातं, गुलाबीतून ६०, निळीतून ३६ आणि पिवळीतून २० च्या आसपास. पाकिटावर छापलेलं असतं, कंपनीप्रमाणे थोडाफार फरक.


नीलपर्णी

गुलाबी_हवी, अगदी मान्य. पण वॉर्डाची बाजूही मांडते. हाच पेशंट आठवडाभर अँटिबायोटिक घेणार असतो. कोपराच्या खळीत लावली की हात वाकवताना नळी दुमडते, सलाईन थांबते, पंप ओरडतो आणि दुसऱ्या दिवशी आउट होते, म्हणजे नळी शिरेबाहेर जाते. म्हणून आम्ही खाली, पुढच्या हाताच्या मधल्या सपाट भागावर लावतो. औषधाला पुरेल एवढीच बारीक घ्यावी, म्हणजे नळीच्या बाजूने रक्त वाहत राहतं आणि शीर कमी सुजते. स्कॅनची वेळ आधी कळली तर पुढच्या हाताच्या वरच्या भागात गुलाबी लावून दोन्ही कामं होतात. बिघडतं ते हे की स्कॅन सकाळी राऊंडला ठरतो आणि सिस्टरना कळतो तो ट्रॉली आल्यावर.


फिस्टुला

डायलिसिस युनिटमधून लिहितोय. मुद्दा एकच, पण कळकळीने.

ज्या हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर ऑपरेशनने जोडून केलेला मार्ग) आहे त्या हाताला सुई नाही, बीपी नाही, पट्टा नाही. हे बहुतेकांना माहीत आहे. माहीत नसतं ते असं की ज्याची किडनी हळूहळू बिघडत चालली आहे, क्रिएटिनिन वाढतं आहे, अजून डायलिसिस सुरू नाही, त्याच्याही मनगट ते कोपर या भागातल्या शिरा आत्तापासून वाचवायच्या असतात. फिस्टुला पुढे याच शिरेतून बनतो. आज कोणीतरी ॲसिडिटीच्या इंजेक्शनसाठी ती शीर खराब करतो आणि दोन वर्षांनी सर्जन म्हणतात की जोडायला शीरच नाही. मग मानेतल्या कॅथेटरवर दिवस काढा आणि जंतुसंसर्ग सोसा. अशा रुग्णांना हाताच्या पाठीवर लावा, डाव्या-उजव्यापैकी कामाचा हात असतो त्याला लावा, आणि गोळीने भागत असेल तर लावूच नका.

पायाला लावण्याचा पर्याय कोणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो: मोठ्या माणसात, विशेषतः डायबेटिस असेल तर, पायाची शीर टाळावी. गुठळी होण्याचा आणि जखम चिघळण्याचा धोका असतो. अगदी नाइलाज झाला तर लावावी आणि दुसरी सोय होताच काढावी.


प्राणहिता

गडचिरोली जिल्ह्यात वैद्यकीय अधिकारी आहे. नागपूरला रेफर करणारे आम्हीच, म्हणून इकडची बाजू लिहितो.

आमच्याकडे अवघड शिरांचा पहिला रुग्ण म्हणजे सिकलसेलचा. विशी-पंचविशीतला मुलगा, अंगात दुखण्याचा झटका, लहानपणापासून कितीतरी वेळा भरती झालेला, दोन्ही हातांवर टोचल्याचे व्रण. त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा आपल्या शिरा चांगल्या माहीत असतात. 'सर, इथे घेऊ नका, इथे घ्या' असं तो सांगतो आणि काही ठिकाणी त्यावरूनच त्याच्यावर संशय घेतला जातो, की हा नशेसाठी इंजेक्शन मागतोय. हे फार वाईट आहे. तो आयुष्यभराच्या अनुभवातून बोलत असतो.

यात एक वैद्यकीय चूक सर्रास होते. शीर सापडेपर्यंत वेदनाशामक थांबवून ठेवतात. ब्रिटनच्या नाइस संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की सिकलसेलच्या तीव्र वेदनेत रुग्ण आल्यापासून ३० मिनिटांत वेदनाशामक मिळायला हवं. ते तोंडाने देता येतं, कातडीखाली देता येतं. आधी वेदना कमी करा, मग शांत बसलेल्या रुग्णाची शीर शोधा. पाण्याचंही तेच. शरीरात पाणी कमी झालं की पेशी जास्त वाकड्या होतात, म्हणून द्रव हवाच, पण उलट्या नसतील आणि तो पिऊ शकत असेल तर तोंडाने पाजा.

१ जुलै २०२३ ला केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, उद्दिष्ट २०४७ चं आहे. तपासणी होते आहे, कार्डं मिळत आहेत. माझी इच्छा आहे की त्या कार्डासोबत 'शीर कुठे मिळते' एवढी एक ओळ लिहिलेली असावी. आमच्या केंद्रात आम्ही ती पेनाने लिहून देतो.


काटोलकर

प्राणहितासर, तुमचं वाचून बोलावंसं वाटलं. मी काटोलकडे खासगी दवाखाना चालवतो. शिरा खराब व्हायला सुरुवात कुठे होते सांगू? आमच्या गावातल्या दवाखान्यांत. 'डॉक्टरसाहेब, अशक्तपणा वाटते, एक बाटली लावून द्या.' नाही म्हटलं तर पेशंट पुढच्या दवाखान्यात जातो.

मी आता कागदावर हिशोब मांडून दाखवतो. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिली बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे शंभराच्या आत कॅलरी. भाकरी त्याहून जास्त देते. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी, बाकी काही नाही. ओआरएसच्या एका लिटरच्या पाकिटात साखर, मीठ, पोटॅशियम सगळं मोजून घातलेलं असतं आणि ते काही रुपयांत मिळतं. उन्हात काम करून थकलेल्या, शुद्धीवर असलेल्या, उलटी नसलेल्या माणसाला ते पुरतं. लू लागून बेशुद्ध झालेला, अंग तापलेला, तो वेगळा, त्याला तातडीने अंग गार करा आणि नागपूरला हलवा.

काही जण ऐकतात, काही नाही. पण जे आज ऐकतात त्यांची शीर साठीत नीलपर्णीताईंच्या वॉर्डात मिळेल.


मेट्रन_निवृत्त

सर्वांचं वाचून समाधान वाटलं. एका गोष्टीवर मात्र माझा आग्रह आहे. तीन दिवस झाले की इंट्राकॅथ बदललीच पाहिजे. आम्ही आयुष्यभर हे पाळलं आणि जंतुसंसर्ग होऊ दिला नाही.


धंतोली_ओटी

मॅडम, आपल्या पिढीची शिस्त आमच्याकडे नाही, हे आदराने मान्य करून वेगळं मत मांडतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये तीन रुग्णालयांत ३,२८३ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. निम्म्यांची इंट्राकॅथ ठरलेल्या दिवशी बदलली, निम्म्यांची फक्त गरज पडली तेव्हा. शिरेची सूज दोन्ही गटांत ७ टक्केच निघाली. अवघड शिरांच्या रुग्णात चांगली चालणारी लाईन केवळ तारीख उलटली म्हणून काढणं म्हणजे त्याला विनाकारण पुन्हा टोचणं.


मेट्रन_निवृत्त

डॉक्टर, अभ्यास मान्य. पण तिथे प्रत्येक पाळीत कोणीतरी ती जागा पाहतं. आपल्याकडे एका सिस्टरवर किती पेशंट असतात ते तुम्ही जाणता. तारखेचा नियम नसेल तर पाहणारं कोणी नाही आणि जागा लाल होऊन पू होईपर्यंत ती तशीच राहते. 'गरजेप्रमाणे बदला' म्हणायचं असेल तर आधी 'प्रत्येक पाळीत पाहा आणि लिहा' हे झालं पाहिजे. घाईत, कॅज्युअल्टीत धड साफ न करता लावलेली असेल ती तर दुसऱ्या दिवशी काढाच.


नीलपर्णी

मॅडम, दोन्ही मान्य. पारदर्शक पट्टी लावली तर पाहणं सोपं जातं. आमच्याकडे पांढऱ्या चिकटपट्टीने जागा पूर्ण झाकून टाकतात आणि खालची लाली दिसतच नाही. साफ करताना क्लोरहेक्सिडिन-स्पिरिट लावून ते वाळू द्यायचं, त्यावर फुंकर नाही, आणि साफ केल्यावर पुन्हा बोटाने चाचपणं नाही.


जामठा_रोड

कॅन्सर वॉर्डातली सिस्टर. केमोबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

काही केमो औषधं शिरेबाहेर सांडली तर मांस जाळतात. साधी सलाईन आउट गेली तर सूज येऊन उतरते, डॉक्सोरुबिसिन आउट गेलं तर जखम महिनोन्‌महिने भरत नाही, कधी प्लॅस्टिक सर्जरी लागते. केमोशिवायही अशी औषधं आहेत: नॉरॲड्रेनलिन, कॅल्शियम, फेनिटॉइन, २५ किंवा ५० टक्के डेक्स्ट्रोज. म्हणून पेशंट 'जळजळते' म्हणाला की आधी औषध बंद, मग बाकीचं. नळी लगेच उपटू नका, सिरिंजने जेवढं मागे ओढून निघेल तेवढं काढा, मग नळी काढा आणि डॉक्टरांना बोलवा. शेक देण्याची घाई नको, काही औषधांना गार शेक लागतो, व्हिन्क्रिस्टिनसारख्यांना कोमट.

आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर शक्यतो त्या बाजूचा हात वापरायचा नाही, दुसऱ्या हाताच्या शिरा संपत जातात. अशा बायकांना सुरुवातीलाच पोर्ट (छातीवर कातडीखाली बसवायची औषधाची डबी) किंवा पिकलाईन (दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली लांब नळी) यांबद्दल विचारा. खर्च ऐकून घरचे नको म्हणतात. पण चौथ्या-पाचव्या सायकलला हात सुजलेली बाई सुई बघून रडते तेव्हा हा निर्णय पहिल्याच दिवशी समजावून सांगायला हवा होता असं वाटतं.


पोस्टिंग_चालू

वेन फाइंडर (प्रकाशाने कातडीखालची शीर दाखवणारं यंत्र) आणि सोनोग्राफी यांपैकी काय शिकावं, सर? आमच्याकडे सोनोग्राफी मशीन आयसीयूत आहे, वॉर्डात नाही.


धंतोली_ओटी

सोनोग्राफी शिका. वेन फाइंडरचा प्रकाश वरवरच्या शिरा दाखवतो. लठ्ठ किंवा सुजलेल्या माणसाची शीर खोल असते, तिथे तो फारसा उपयोगाचा नाही. सोनोग्राफीत दंडातली खोल शीरही दिसते. प्रोबने दाबली की शीर चपटी होते, धमनी ठोके देत राहते, हा फरक आधी हाताशी पक्का करा.

यात एक हिशोब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शीर दीड सेंटिमीटर खोल असेल आणि ४५ अंशात सुई घातली तर शिरेपर्यंत पोचायलाच २१ मिलिमीटर लांबी खर्च होते. गुलाबी इंट्राकॅथ साधारण ३३ मिलिमीटरची. शिरेत उरते फक्त १२. रुग्णाने हात हलवला की ती बाहेर, आणि औषध मांसात. म्हणून खोल शिरेला लांब नळी घ्या, नाहीतर आठवड्याभराचा उपचार असेल तर सरळ मिडलाईनचा (दंडातल्या शिरेत काखेच्या खालपर्यंत जाणाऱ्या लांब नळीचा) विचार करा.


नीलपर्णी

सर्वांचं वाचून आमच्या वॉर्डासाठी मसुदा लिहिला आहे, सोमवारी मेट्रन मॅडमना देणार. वाचून सांगा.

'भरतीच्या वेळी विचारावं: पूर्वी शीर मिळायला त्रास झाला का, कुठे मिळाली, फिस्टुला, काखेतल्या गाठींचं ऑपरेशन किंवा किडनीचा आजार आहे का. उत्तर हो असेल किंवा पट्टा बांधून शीर दिसत-लागत नसेल तर फाइलच्या पहिल्या पानावर "अवघड शीर" असं लाल पेनाने लिहावं. अशा रुग्णाला पहिला प्रयत्नच अनुभवी सिस्टरने करावा. औषध तोंडाने चालेल का हे डॉक्टरांना विचारावं. कॉन्ट्रास्ट स्कॅन किंवा रक्त चढवायचं आहे का ते विचारून नळीचा रंग ठरवावा. एका व्यक्तीचे दोन प्रयत्न, दुसऱ्या व्यक्तीचे दोन, त्यानंतर वॉर्डात कोणी टोचू नये, भूलतज्ज्ञांना बोलवावं. प्रत्येक पाळीत जागा पाहून वेळेसह लिहावं. वापर संपला की त्याच दिवशी नळी काढावी.'


कॅज्युअल्टी_रात्र

मसुदा उत्तम. एक वाक्य वाढवा, नाहीतर कोणीतरी हाच नियम चुकीच्या जागी लावेल.

शॉकमधला (रक्तपुरवठा धोकादायक कमी झालेला) किंवा हृदय बंद पडलेला रुग्ण असेल तर प्रयत्न मोजत बसू नये, घड्याळ पाहावं. एक-दोन मिनिटांत शीर मिळाली नाही तर हाडातून लाईन घ्यावी, गुडघ्याखाली नडगीच्या हाडाच्या आतल्या सपाट बाजूला किंवा खांद्याजवळ दंडाच्या हाडात. शिरेतून जी तातडीची औषधं जातात, तीच हाडातूनही जातात. मोडलेल्या हाडात मात्र घालू नये. लोकांना वाटतं हे फक्त लहान मुलांत करतात, मोठ्यांतही चालतं. सुई कॅज्युअल्टीच्या ट्रॉलीत असते, वॉर्डात बहुधा नसते, तीही मागवून ठेवा.


नीलपर्णी

वाक्य घातलं. हाडाच्या सुईची मागणीही त्याच अर्जात जोडते. मेट्रन मॅडमचं उत्तर आलं की इथेच कळवते. तोवर ज्यांना आपल्या वॉर्डासाठी हा मसुदा हवा असेल त्यांनी जसाच्या तसा उचलावा.